‘गाठी किती निघाल्या’ एवढेच विचाराल तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

५ जूनला, पर्यावरण दिनी, विदर्भातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, एक फोटो हमखास निघतो. मालक, अकाउंटंट, वजनकाट्यावरचा बाबू आणि चौकीदार रोपाभोवती उभे असतात. कामगार त्यात एकही नसतो, कारण हंगाम मार्च-एप्रिलातच संपलेला असतो. जिनवरच्या (सरकी काढायच्या यंत्रावरच्या) बाया आपापल्या गावी निंदणाच्या तयारीला लागलेल्या, बाहेरच्या राज्यातली मंडळी घरी पोचलेली. त्यातून ५ जूनला आपल्याकडे ऊन चाळिशीच्या वर आणि पाऊस यायला अजून आठ-पंधरा दिवस. रोप आठवड्यात करपते आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे लागते.

आता दसरा तोंडावर आला आहे. जिनिंगांमध्ये ओव्हरहॉलिंग सुरू आहे, रोलर बदलले जात आहेत, पट्टे ताणले जात आहेत. कामगारांना पर्यावरणाची शिस्त कशी लागावी हे ठरवायचे दिवस हे आहेत. ही शिस्त वरून कशी उतरते आणि कुठे अडते, याबद्दल चार गोष्टी मांडतो. उदाहरणे जिनिंग-प्रेसिंगची आहेत, पण डाळ मिल किंवा तेलघाणीवाल्यांनाही त्यात आपले काहीतरी सापडेल.

सुरुवात खर्र्याच्या पन्नीपासून करू. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, पन्नी म्हणजे प्लास्टिकचा कागद. खर्रा पन्नीतच घोटतात, पन्नीतच बांधतात आणि खाऊन झाला की पन्नी हातातून सुटते. कापसाच्या गंजीजवळ सुटली की ती कापसाबरोबर सक्शनमधून जिनवर येते. डबल रोलर जिनमध्ये रोलर आणि सुरीच्या मध्ये सापडून तिच्या बारीक पट्ट्या होतात आणि त्या रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, मिसळतात. प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधली गेली की त्या शोधणे कोणाच्याही बापाला शक्य नाही. पुढे सूतगिरणीत धागा तुटतो. प्लास्टिक रंग धरत नाही, त्यामुळे रंगवलेल्या कापडावर पांढरे ठिपके उठतात. खत-बियाण्याच्या पोत्यांचे सुटलेले धागे, प्लास्टिकची सुतळी आणि गुटख्याच्या पुड्यांचीही हीच गत. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली, एकल वापराच्या वस्तूंवरची देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ ला आली. पण कापसाच्या ओट्यावर ना अधिसूचना पोचते ना ‘प्लास्टिक टाकू नये’ची पाटी. तिथे फोरमन स्वतः पन्नी कुठे टाकतो, एवढेच पोचते.

हे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. कॅनडातील जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग यांनी २०१३ साली वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी अशा १३९ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरिष्ठ कामाच्या जागी स्वतः पर्यावरणाला धरून काय करतो, त्याचा कर्मचाऱ्याच्या वागण्याशी थेट संबंध त्यांना दिसला. त्याच्या जोडीला कर्मचाऱ्याची स्वतःची आस्थाही मोजावी लागते, आणि तीदेखील वरिष्ठाच्या वागण्यातून वाढते, असेही त्यांना आढळले. आपल्याला हे कॅनडाने सांगायची गरज नव्हती म्हणा. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन रात्री करत. हा क्रम उलटा केला असता तर गाव झाडायला किती जण उठले असते?

म्हणून पन्नीचा बंदोबस्त फोरमन आणि मुकादमापासूनच सुरू व्हावा. ओट्यावर चढायच्या आधी, चपला काढतो त्या जागी, झाकणाचा एक डबा ठेवावा. खर्रा तिथेच खायचा, पन्नी तिथेच टाकायची आणि ओट्यावर नुसते जायचे. फोरमनचा खिसाही त्याच डब्याशी रिकामा झाला पाहिजे, तोही सर्वांच्या देखत. डबे दहा ठेवले आणि रिकामे करणारा ठरवला नाही तर तिसऱ्या दिवशी ते भरून वाहतात, वारा सुटला की सगळे पुन्हा गंजीवर येते. त्यापेक्षा दोनच डबे ठेवा आणि शिफ्ट सुटताना ते कोणी उचलायचे त्याचे नाव भिंतीवर लिहा. खर्रा सुटला तर उत्तमच, पण तो वेगळा लढा आहे. दोन्ही लढे एकदम लढायला गेले की पन्नी लपवून टाकली जाते, आणि लपवायला कापसाच्या गंजीसारखी जागा नाही.

गंजीतला कचरा वेचणाऱ्या बायांना हे सगळे सर्वांत आधी दिसते. पण पट्टा थांबवायची मुभा त्यांना नसते. पन्नी पुढे सरकताना दिसली तरी ओरडायचे कोणाला? फिटर लांब, मशीनचा आवाज कानठळ्या बसवणारा. पट्ट्याच्या कडेने एक दोरी ओढून तिच्या टोकाला घंटा नाहीतर दिवा लावणे हे एका दुपारचे काम आहे. अवघड काम त्यानंतरचे. पहिल्यांदा घंटा वाजली आणि उत्पादन दोन मिनिटे थांबले, तेव्हा मॅनेजर काय म्हणतो? ‘कशाला थांबवलं?’ असे तो खेकसला तर त्या हंगामात घंटा पुन्हा वाजत नाही. तो स्वतः चालत आला, पन्नी हातात घेऊन पाहिली आणि बाईला ‘बरं केलं’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई दोरी ओढते. सगळी पर्यावरण समिती या दोन मिनिटांत आहे.

आता विजेकडे वळू. मॅनेजरचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काल किती गाठी निघाल्या?’ कामगार मूर्ख नसतो. जे विचारले जाते तेच मोजले जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत, जिथे बदलीची बाई नसते तिथे, जिन रिकामे फिरत राहतात. डबल रोलर जिनची मोटर साधारण पाच ते साडेसात हॉर्सपॉवरची. कापूस नसतानाही ती दीड किलोवॅट खाते असे धरून चला. २४ जिन, शिफ्टला एकूण एक तास रिकामे, म्हणजे ३६ युनिट. दोन शिफ्ट आणि १२० दिवसांचा हंगाम धरला तर ८,६४० युनिट. औष्णिक केंद्रात एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे साडेसहा टन कोळसा रिकामे रोलर फिरवण्यात गेला. तो जळतो इथेच. २,९२० मेगावॅटचे केंद्र चंद्रपूरला आहे, राख आपल्याच अंगणात पडते.

मग सुट्टीत जिन बंद का होत नाहीत? आळस हे कारण फार थोड्या ठिकाणी असते. जिनमध्ये कापूस असताना बंद केले की पुन्हा चालू करताना ते जाम होते, आणि ‘तू बंद केलंस म्हणून जाम झालं’ असा ठपका त्या बाईवर येतो. फिटर म्हणतो, वारंवार चालू-बंद केल्याने मोटर जळेल. इतक्या लहान मोटरला शिफ्टमध्ये तीन-चार वेळा चालू होण्याने काही होत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पद्धत साधी आहे. सुट्टीच्या दोन-तीन मिनिटे आधी फीड बंद करायची, आतला कापूस संपू द्यायचा, मग जिन थांबवायचे. चालू करताना एकामागून एक, मध्ये पाच-दहा सेकंद सोडून. सगळे स्टार्टर एकदम दाबले की करंट उसळतो, मेन ट्रिप होते आणि या उद्योगाला पहिल्याच दिवशी विरोधक मिळतात. कोणत्या बाजूने सुरू करायचे ते खडूने आकडे घालून जिनवरच लिहावे. हे फोरमनने पहिला आठवडा स्वतः उभे राहून करून घ्यायला हवे, नोटीस लावून ते होत नाही.

याच्या जोडीला मॅनेजरने सकाळचा प्रश्न बदलावा. ‘गाठीमागे किती युनिट लागले?’ असे विचारावे. शिफ्ट बदलताना ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा घ्यायचा, प्रेसच्या रजिस्टरमधून गाठी मोजायच्या, भागाकार करून फळ्यावर लिहायचा. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणाला धारेवर धरू नये. रुई जिनिंगमधून निघालेली असते पण प्रेस हॉलमध्ये तशीच पडलेली असते, ती गाठ दुसऱ्या शिफ्टच्या नावावर जाते. त्यामुळे सात दिवसांची सरासरी पाहावी. शेजारच्या जिनिंगशी तुलना तर नकोच. दिवाळीआधीचा ओलसर कापूस, मधल्या वेचणीचा चांगला कापूस आणि शेवटची फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेला कापूस) यांना वीज वेगवेगळी लागते. आपली तुलना आपल्याच मागच्या आठवड्याशी, त्याच मालाशी.

इथे एक मोठा धोका आहे आणि उत्साही मॅनेजर हमखास त्यात अडकतात. कमी युनिटवर बक्षीस लावले की सर्वांत आधी धुळीचा पंखा बंद होतो. तो गाठी काढत नाही आणि वीज मात्र भरपूर खातो, मग बंद करायला त्याच्याइतके सोपे गिऱ्हाईक कोणते? पण तो बंद झाला की तूस आणि धूळ हॉलमध्ये तरंगते आणि बायांच्या छातीत बसते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूणच अशी की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. म्हणून धुळीच्या पंख्याला वेगळा सबमीटर लावावा, त्याचे युनिट फळ्यावरच्या हिशेबातून वगळावेत, आणि तो बंद दिसला तर त्या शिफ्टचा आकडाच धरू नये. पंख्याची वीज खरोखर वाचवायची असेल तर मार्ग दुसरा आहे. फिल्टरच्या पिशव्या वेळेवर झटकणे, पाइपाच्या फाटलेल्या जोडांना पॅच मारणे आणि जिथे गरजेपेक्षा जास्त हवा ओढली जाते तिथे वेग कमी करणे. पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की त्याची वीज जवळपास निम्म्यावर येते. डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, अर्धा मिटून ठेवण्यात ती गंमत नाही. मात्र वेग किती उतरवायचा हे हवा मोजून ठरवावे, बिलाकडे पाहून नव्हे.

कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणी गळती शोधायला सुट्टीचा दिवस चांगला. सगळी यंत्रे बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. तो किती वेळ लोड घेतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड (रिकामा फिरत) राहतो, ते घड्याळ लावून पाच-सहा वेळा टिपायचे. दीड मिनिट लोड आणि सहा मिनिटे अनलोड आले, तर दीडला साडेसाताने भागा, २० टक्के हवा गळते आहे. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचे भोक तीन ते चार किलोवॅट फुकट घालवते. भोक शोधायला कान आणि साबणाचे पाणी पुरते. शोधणाऱ्या हेल्परचे नाव फळ्यावर लिहिले की पुढच्या वेळी तो न सांगता कान लावून फिरतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीने अंगावरची रुई झटकण्याची खोड मात्र फोरमननेच मोडली पाहिजे. ती धोक्याचीही आहे.

प्रेसच्या हायड्रॉलिक तेलाचेही असेच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर तेल. खाली रुईचा बोळा टाकून दिवस काढले जातात. मग तो बोळा उकिरड्यावर, आणि काढलेले जुने तेल डब्यातून स्लॅबच्या फळ्यांना लावायला सेंटरिंगवाल्याकडे. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. यात कामगाराला दोष देण्याआधी मालकाने एक पाहावे, सील मागितल्यावर किती दिवसांत मिळते? फिटरने तीनदा मागून सील आले नाही, तर चौथ्यांदा तो मागत नाही, बोळा टाकतो. नियम तर त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

आणि काही गोष्टी कामगाराच्या हातातच नसतात, त्याबद्दल त्याला उपदेश करू नये. रोलर घ्या. डबल रोलर जिनचे रोलर परंपरेने क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्यांचे असतात. ते घासतात आणि क्रोमयुक्त पूड रुईत, सरकीत नि हवेत जाते. रोलर घासून खाचा पाडताना तर ढगच उठतो. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाच्या थरांचे क्रोममुक्त रोलर विकसित केले आहेत. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र इथे नागपूरलाच आहे. कोणता रोलर घ्यायचा हे मालकाच्या सहीने ठरते. फिटर फार तर तोंडाला फडके बांधेल आणि पूड वेगळ्या पोत्यात भरेल. मालकाच्या केबिनमध्ये एसी १८ वर आणि बाहेर ‘वीज वाचवा’, हाही त्यातलाच प्रकार. एक अंश वर नेल्याने एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते आणि जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी २४ अंशांवर सुरू होतील असेच बनवावे लागतात. तो आकडा केबिनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

पेपर कपांच्या जागी स्टीलचे ग्लास आणण्याचा प्रयोगही बऱ्याच ठिकाणी होतो आणि आठ दिवसांत बारगळतो. प्रत्येकाला नंबराचा ग्लास आणि खिळ्यांची फळी दिलेली असते, पण नळ चहाच्या जागेपासून लांब असतो आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची. ग्लास विसळायलाच पाच मिनिटे गेली की माणूस कपाकडे वळतो. नळ जवळ आणा, एवढेच.

सूचनापेटीबद्दल न बोललेलेच बरे. कुलूप गंजलेले असते, किल्ली रजेवर गेलेल्या बाबूकडे, आणि ज्यांनी सूचना द्यायच्या त्यांतल्या अर्ध्यांना मराठी लिहिता येत नाही. कॅथरीन रॅमस आणि उलरिच स्टेगर यांनी २००० साली युरोपातल्या कंपन्यांवरचा अभ्यास मांडला. कर्मचारी पर्यावरणासाठी स्वतःहून काही करून पाहतात की नाही, यात थेट वरच्या साहेबाच्या पाठिंब्याचा वाटा मोठा असल्याचे त्यांना दिसले. आपल्या जिनिंगमध्ये तो थेट वरचा साहेब म्हणजे फोरमन आणि मुकादम. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटे त्याने उभ्याउभ्या विचारावे, काल काय वाया गेले? मराठीत, हिंदीत, ज्याला जी समजेल तीत. लेखनिकाने रजिस्टरमध्ये कोण बोलले, काय बोलले आणि उत्तर कोण देणार ते लिहावे. सात दिवसांत उत्तर मिळालेच पाहिजे, ‘जमत नाही’ असे असले तरी कारणासकट. नकाराने माणूस गप्प होत नाही, उत्तरच न आल्याने होतो.

सगळ्यात कठीण गाठ मुकादमाच्या हिशेबात आहे. त्याला पैसे क्विंटलवर किंवा गाठीवर मिळतात. गंजीतला कचरा वेचायला, जिनखालची जागा झाडायला, पंख्याच्या पिशव्या झटकायला लागलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. अशा माणसाला पर्यावरणाचे भाषण देणे म्हणजे त्याच्याच पैशाने पुण्य करणे. शिफ्टमागे १५ मिनिटे सफाईची धरावीत आणि तिचा दर करारात वेगळा लिहावा. करार दसऱ्याच्या मुहूर्ताआधी होतात, म्हणून हे पत्र आत्ता. हंगाम सुरू झाल्यावर हा विषय काढला की मुकादम हसतो.

शेवटी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपल्या कास्तकाराला सांगायला नको. अळी कवडीत (न फुललेल्या, किडक्या बोंडाच्या कापसात) आणि जोड सरकीत (एकमेकींना चिकटलेल्या दोन बियांत) सुप्त बसते, आणि उन्हाळा सरताना पतंग बाहेर पडून जवळच्या लवकर लावलेल्या कपाशीवर जातात. म्हणजे जिनिंगच्या आवारात राहिलेली सरकी आणि काडीकचरा हा शेजारच्या शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न आहे. सफाई यंत्राखालची कवडी रोजच्या रोज बंद पोत्यात भरावी आणि तापलेल्या कंपोस्टमध्ये किंवा वर मातीचा जाड थर देऊन खोल खड्ड्यात घालावी. संध्याकाळी पेटवून देणे सोपे असते, म्हणून तेच होते. सरकी जूनच्या आत तेलघाणीकडे रवाना व्हावी. आवारात १५ ते २० कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावायला सांगितले जाते. ते लागतातही, पण हंगाम ऐन भरात असताना. चिकट सापळ्यावर दोन दिवसांत रुईचा थर बसतो, म्हणून आवारात नरसाळ्याचे सापळे बरे. लुअर (सापळ्यातली वासाची गोळी) तीन-चार आठवड्यांनी, पाकिटावर लिहिले असेल त्याप्रमाणे, बदलावी लागते. जुनी लुअर तिथेच फेकली तर तिच्या वासाने सापळ्याचे काम बिघडते.

आणि सापळ्यांची खरी गरज मे-जूनमध्ये असते, जेव्हा जिनिंगमध्ये चौकीदाराशिवाय कोणी नसते. तेव्हा ५ जूनच्या रोपाचे पैसे चौकीदाराला सापळ्यांचा भत्ता म्हणून द्यावेत, झाडे पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावावीत. त्याचे नाव, लुअर बदलल्याची तारीख आणि सापळ्यात निघालेले पतंग, एवढ्या तीन रकान्यांचे रजिस्टर गेटवर टांगावे. मालक आठवड्यातून एकदा चक्कर मारतोच, तेव्हा गाडीतून उतरून आधी ते उघडावे.

आपला,
जिनिंग-प्रेसिंगच्या देखभालीच्या कामातील एक वाचक,
हिंगणघाट परिसर, जि. वर्धा